कावळ्याचा पाय

३ जून

छोट्या,

तुझं पत्र मिळालं. तुझं म्हणजे तुझ्या ऑफिसातल्या टायपिस्टबाईचं, खाली सही तेवढी तुझी. 'आदरणीय भगिनी' हा मायना वाचून मी आधी पाकीट उलटून पत्ता पाहिला. म्हटलं, पोस्टमनने दुसऱ्या कुणाचं तर टाकलं नाही ना. साठीला टेकलास, जन्मभर 'ए ताई' म्हणालास, आणि आता भगिनी! बरं. गेल्या वर्षी तुझ्या बांधकामावर क्रेनखाली माणूस मेला. माल खाली सोडायचा इशारा क्रेनवाल्याला तुझ्या मुलाने दिला होता. तू चारचौघांत 'असा मुलगा माझ्या नावाला नको' म्हणालास आणि त्याला घराबाहेर काढलंस. तेव्हा मी फोनवर तुला जे सुनावलं, त्यानंतर तू माझा फोन उचललेला नाहीस. म्हणून मीही लिहूनच उत्तर देते. माझ्याकडे टायपिस्ट नाही. अक्षर लागलं नाही तर चष्मा बदल.

तर तुझ्या कंपनीला पंचवीस वर्षं होणार. त्या निमित्ताने ऑफिसच्या दारात तुला पणजोबांची संगमरवरी पाटी लावायची आहे, आणि पाहुण्यांना वाटायला घराण्याच्या इतिहासाची पुस्तिका काढायची आहे. पणजोबा कोण, कुठले, आणि 'कावळे' हे आडनाव आलं कुठून, हे मी शोधायचं. मुळात म्हणे काहीतरी भारदस्त असणार आणि लोकांनी त्याचा कावळा केला असणार. तुझ्या तोंडात साखर पडो. शाळेत अख्खा वर्ग आपल्याला बघून काव काव करायचा, तू रडत घरी यायचास आणि मी जाऊन त्या पोरांना झोडपून यायचे. ते अजून तुझ्या मनातून गेलेलं दिसत नाही.

मला वेगळं काय माहीत असणार? आजोबांनी सांगितलं तेवढंच. त्यांचे वडील दगडाच्या खाणीत पाथरवट होते. बोलायचे फार कमी. आणि जन्मात कधी घरात जेवले नाहीत, ताट घेऊन उंबऱ्याबाहेर बसायचे. 'माझ्या बापाने घरातलं सुख अंगाला लावून घेतलं नाही,' असं सांगताना आजोबांची छाती फुगायची. तसे बसलेल्या पणजोबांचा एकच फोटो आहे, तो तू मोठा करून केबिनमध्ये लावलायस. मूळचा लहान फोटो माझ्याकडे आहे. मोठा करताना तू मागचं दार कापून टाकलंस. मुळात ते बसलेत, शेजारी ताट आहे, आणि पाठीमागे दार आहे. बंद.

जाईन मी खाणीवर. गुडघे कुरकुरतात, पण जाईन. शाळांचे गणवेश शिवून संपले की मोकळीच आहे.

पत्राच्या शेवटी पेनने एक ओळ आहे, ती तरी तुझ्या हातची. 'त्याचा जामीन कुणी भरला, कळलं का?' त्याचा म्हणजे कुणाचा रे? पोटच्या पोराचा ना? लहानपणी गुबगुबीत होता म्हणून 'ढब्बू' तूच म्हणायला लागलास. ते लिहायला शाई पुरली नाही? जामीन कुणी भरला ते मला ठाऊक नाही. घराबाहेर तू काढलंस, शोध तू घे.

मी बरी आहे. एकटीला लागतं काय. सकाळी दोन कप चहा टाकला की झालं.

तुझी
ताई


२२ जून

छोट्या,

खाण पाहून आले. आता ती खाण राहिली नाही, एक मोठा थोरला खड्डा आहे. तळाला काळं पाणी, काठाने तारेचं कुंपण, कुंपणाला अडकलेल्या पिशव्या फडफडतायत. बस अलीकडेच सोडते, पुढे सगळी खडी. हाताला धरणारं कुणीतरी बरोबर होतं म्हणून पोचले, नाहीतर माझी हाडं गोळा करायला तुलाच यावं लागलं असतं, आणि तू कुठला येतोस.

कामगारांच्या खोल्यांची एक रांग अजून उभी आहे. दगडी भिंती, वर पत्रे. खोली म्हणजे खोलीच, एका माणसाने पाय पसरले की दुसऱ्याने उठून बसावं एवढी. प्रत्येक दारावरच्या दगडात एक खूण कोरलेली आहे. कुठे मासा, कुठे चाक, कुठे नुसतं वर्तुळ. तिथे एक वेल्डर राहतो, त्याला विचारलं. तो म्हणाला, 'पाथरवटांना कुठे लिहिता यायचं, मावशी? ज्याने त्याने आपल्या दगडावर आपली खूण मारायची. मुकादम खुणा बघून मजुरी द्यायचा. आणि लोक हाकही तीच मारायचे. ए चाक्या, ए मासोळ्या.'

शेवटून दुसऱ्या दारावर तीन रेघा आहेत, खाली एका दांडीला मिळालेल्या. कावळ्याचा पाय. झालं तुझं भारदस्त आडनाव! ना राजा ना सरदार. लिहिता न येणाऱ्या एका माणसाने छिन्नीचे चार घाव घातले, लोक त्याला कावळ्या म्हणाले, आणि आपण कावळे झालो. मला आधी हसू फुटलं. मग त्या खाचेत बोट फिरवलं आणि डोळे भरून आले. किती खोल मारलीय रे. शंभर वर्षांवर होऊन गेली, पण कड अजून बोटाला लागते.

आणखी एक. खोल्यांच्या मागे टेकडी घसरू नये म्हणून भिंत बांधलीय, तिच्या दगडांवरही खुणा आहेत. आपला कावळ्याचा पाय मी खालपासून वरपर्यंत शोधत गेले. खालच्या थरांत तो दारावरच्यासारखाच नेटका आहे. मध्ये काही थरांत दिसतच नाही. आणि नंतर दिसतो तो असा वेडावाकडा की बघवत नाही. एखादी रेघ अर्धी, एखादी नाहीच, दगडाची कोपरं उडालेली. माझ्याकडे नवी मुलगी कामाला बसली की पहिल्या महिन्यात तिचा टाका असाच पडतो. वर वर जाताना मात्र तो सुधारतो. अगदी वरच्या थरात ठाकठीक आहे, फक्त थोडा डावीकडे कललेला. मला वाटतं, मध्ये पणजोबांच्या हाताला काहीतरी मोठी इजा झाली असावी आणि त्यांना पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागलं असावं.

नक्की सांगू शकेल अशी एकच म्हातारी आहे, खाणीच्या लोहाराची नात. रांगेच्या टोकाला राहते, नव्वदीची आहे. पण तिला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं होतं. पुन्हा जावं लागणार.

ताई


१७ जुलै

छोट्या,

यावेळी टायपिस्ट नाही, स्वतःच्या हाताने दोन पानं! खूश झालेला दिसतोस. 'हात जायबंदी होऊनही जिद्दीने पुन्हा उभा राहिलेला महापुरुष' असं पुस्तिकेत घालणार आहेस, आणि संगमरवरावर कावळ्याचा पाय सोनेरी रंगात कोरायला दिलाससुद्धा. घाई नडते ती अशी. आता हातातलं काम बाजूला ठेव, बूड टेकव आणि वाच.

काल म्हातारी भेटली. डोळ्यावर हिरवी पट्टी, पण जीभ माझ्याहून तिखट. मी म्हटलं, आम्ही कावळ्याच्या घरातले, माहिती हवी होती. तर म्हणते, 'कुठल्या कावळ्याची? पहिल्या की दुसऱ्या?'

मला वाटलं, वयाने भ्रमिष्ट झालीय. पण नाही. तिने तिच्या आजोबांच्या आणि वडिलांच्या तोंडून ऐकलेलं सांगितलं, आणि काही स्वतः पाहिलेलं. मी ते सगळं तसंच लिहिते.

पहिला कावळ्या तरणाताठा पाथरवट होता. घरात बायको, पाळण्यात मुलगा. तो मुलगा म्हणजे आपले आजोबा. खाणीत सुरुंग लावायचे तेव्हा कड्यावर एक माणूस शिंग घेऊन उभा असे, त्याला शिंगवाला म्हणत. त्याने शिंग फुंकलं की सगळ्यांनी लांब पळायचं. मग बार उडायचे. जेवढी भोकं दारूने भरली असतील तेवढे बार मोजायचे. सगळे उडाले की पुन्हा शिंग, आणि मगच माणसं खाली उतरायची. मोजणीत एक जरी बार कमी आला तर तो सुरुंग आत जागा असणार, म्हणून त्या दिवशी खाली कुणी पाऊल टाकायचं नाही.

'आणि मोजायला नेहमी दोघं असायचे,' म्हातारी म्हणाली. 'एक वर कड्यावर, एक खाली वळणाशी. दोघांचं जुळलं तरच शिंग. त्या दिवशी गाड्या खोळंबल्या होत्या, म्हणून मुकादमाने खालच्याला गाड्या भरायला पाठवला. वरचा एकटाच मोजत राहिला.'

समोरचा कडा नुकताच सरळ कापून काढला होता. त्यावर आपटून एका बाराचा आवाज परत आला, तो इतका कडक की नवा बार वाटावा. शिंगवाल्याने तो प्रतिध्वनी मोजला. हिशोब बरोबर भरला. त्याने शिंग फुंकलं. चांगला दगड आधी हाती लागावा म्हणून कावळ्या नेहमी सगळ्यांच्या पुढे उतरायचा. तो उतरला आणि राहिलेला सुरुंग त्याच्या पायाखाली उडाला.

'काय गोळा केलं ते विचारू नकोस,' म्हातारी म्हणाली. मी विचारलं नाही.

आता खोलीचं ऐक. खोली तिथे माणसाला नसायची, खुणेला असायची. ज्या खुणेचे दगड येतात तिला खोली. महिनाभर खूण दिसली नाही की सामान बाहेर. कावळ्याच्या बायकोला ना माहेर ना सासर, पाळण्यात पोर. महिना संपत आला तसा एका सकाळी शिंगवाला लोहाराकडे आला, शिंग भात्याशेजारी ठेवलं आणि म्हणाला, 'मला छिन्नी-हातोडा दे.' त्याने जन्मात दगड घडवलेला नव्हता. बोटं फुटली, नखं गेली. पहिल्या दिवशी जो दगड तयार झाला त्यावर त्याने कावळ्याचा पाय मारला. मुकादमाला सगळं कळत होतं. दगड मिळतोय ना, मग त्याचं काय जातंय. खोली राहिली.

शिंगवाला झोपायचा लोहाराच्या भट्टीपाशी. मजुरी आणून उंबऱ्यावर ठेवायचा. पणजी एक अक्षर बोलायची नाही. त्याचं ताट उंबऱ्याबाहेर सरकवायची आणि दार लावून घ्यायची. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, मरेपर्यंत. म्हातारीने हे तिच्या लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हा ती दोघंही पिकली होती. हिने एकदा धिटाईने विचारलं, 'आजी, त्यांना आत का घेत नाही?' पणजी म्हणाली, 'उपाशी ठेवत नाही ना? मग गप बस.' मुलगा त्याला बाबा म्हणायला लागला, तेवढं मात्र तिने कधी तोडलं नाही.

'त्याचं स्वतःचं नाव काय होतं?' मी विचारलं.

'कुणाला ठाऊक, बाई. त्याने कधी सांगितलं नाही. आम्ही त्याला दुसरा कावळ्याच म्हणायचो.'

कळलं ना, छोट्या? त्या भिंतीवर जायबंदी हात नाही, दोन वेगळी माणसं आहेत. आणि तुझ्या केबिनमध्ये भिंतीवर जे बसलेत ते आपल्या रक्ताचे नाहीत. आपल्या रक्ताचा जो होता त्याचा फोटो काढायची वेळच आली नाही. हा त्याला मारणारा माणूस आहे. यानेच आपल्या आजोबांना जगवलं, वाढवलं. तो नसता तर तू नसतास, मी नसते. मला त्याचा राग यावा की पाया पडावं, हेच कळेना. बसमध्ये सबंध रस्ताभर रडत आले.

आता लपवण्यात अर्थ नाही. हाताला धरणारं कुणीतरी म्हणजे ढब्बू. जामीन मी भरला, दोन मशिनं विकून. तुरुंगातून सुटला त्या दिवसापासून तो माझ्याकडे आहे. तुझ्या नाकाला मिरच्या झोंबू देत. काल म्हातारी सांगत होती तेव्हा तो पायरीवर बसला होता. 'मोजायला नेहमी दोघं असायचे,' असं ती म्हणाली आणि तो ताडकन उठला. कुंपणापाशी जाऊन तारेला धरून पाण्याकडे बघत उभा राहिला. मी त्याच्यामागे धावले, गुडघ्यांचं दुखणं विसरून. त्याने तोंड फिरवलं नाही. 'काही नाही, आत्या' एवढंच म्हणाला.

काही नाही कसं? काहीतरी आहे. मी त्याच्याकडून काढून घेणार.

ताई


१ ऑगस्ट

छोट्या,

पार्सल मिळालं. फोटोची काच फुटली होती. तू फोडलीस की वाटेत फुटली, देव जाणे. सोबत टायपिस्टबाईची चिठ्ठी: 'पुस्तिकेचा विषय बंद करण्यात आला आहे.' इतकी वर्षं ज्याच्याकडे बोट दाखवून पाहुण्यांना 'हे आमचे मूळपुरुष' म्हणून सांगत होतास, त्याला उतरवायला तुला दोन आठवडेसुद्धा लागले नाहीत. माणसं घराबाहेर काढायचा तुला सराव झालाय.

मी काचा वेचल्या आणि फोटो माझ्या मशिनच्या वर लावला. आपला असो नसो, आपल्यासाठी त्याने बोटं फोडून घेतली.

ढब्बूने सांगितलं. सहजासहजी नाही. मी जेवण सोडलं, तेव्हा दुसऱ्या दिवशी बोलला. तू माझ्यावर ओरडायच्या आधी ते तुझ्याच डोळ्यांसमोर मांडते, बघ खरं की खोटं.

तुझ्या त्या बांधकामावर क्रेनवाल्याला भिंतीपलीकडचं दिसत नव्हतं. म्हणून दोघं लागायचे. वरच्या स्लॅबवर ढब्बू, आणि खाली एक माणूस, जो जागा मोकळी करून हात वर करणार. खालच्याचा हात दिसला की ढब्बूने क्रेनवाल्याला इशारा द्यायचा. बरोबर? त्या सकाळी सिमेंटचे ट्रक आले होते. तू स्वतः साइटवर होतास. खालच्या माणसाला तू ट्रक उतरवायला पाठवलंस. ढब्बू म्हणाला, 'पप्पा, खाली कोण बघणार?' तू म्हणालास, 'वरून दिसतं की सगळं. तुझे डोळे फुटलेत का? काम खोळंबवू नको.' त्याने वाकून पाहिलं. जेवढं दिसलं तेवढं मोकळं होतं. त्याने इशारा दिला. सळयांची मोळी खाली आली, आणि भिंतीच्या कुशीत बसून सळया वाकवणारा तो माणूस तिच्याखाली गेला.

पोलिसांनी विचारलं तेव्हा ढब्बू म्हणाला, चूक माझी. कोर्टात म्हणाला, चूक माझी. माझ्या घरात वर्षभर राहिला आणि मला म्हणाला, चूक माझी. अरे, तुझं नाव त्याने एकदासुद्धा घेतलं नाही! आणि तू त्याला म्हणालास, माझं नाव लावू नकोस.

मी तुझ्याशी भांडायला लिहीत नाही. एकोणीस तारखेला शेवटची सुनावणी आहे. वकील म्हणतात, खालचा माणूस कुणी हलवला हे समोर आलं तर पोरगा सुटू शकेल, निदान शिक्षा नावापुरती होईल. ढब्बू ते सांगणार नाही. मी सांगून काय होणार, मी काही पाहिलेलं नाही. ट्रक उतरवणाऱ्या माणसाला तू दुसऱ्या शहरात काम दिलंस, तो फोन घेत नाही. तूच सांगू शकतोस, एकटा तूच. तुला शिक्षा होईल म्हणून भितोस? होईलही. तू साठीचा आहेस, तुझ्यापाशी वकील आहेत, ओळखी आहेत. तो सव्वीसचा आहे. पाय धरते तुझे. मोठी बहीण असून धरते.

आणखी एक गोष्ट तुला माहीत असावी. तो रोज सकाळी त्या सळईवाल्याच्या घरी जातो. गोदामांच्या मागे एक गल्ली आहे, तिथे तळमजल्याची खोली. बायको आणि एक लहान मुलगी. पहिल्या दिवशी तिने दार उघडलं, याला पाहिलं आणि तोंडावर लावून घेतलं. नळ गल्लीच्या तोंडाशी आहे, पाणी भल्या पहाटे येतं. हा तिचा ड्रम भरून दाराशी ठेवून आला. तिने तो त्याच्या डोळ्यांदेखत गटारात ओतला. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरला, पुन्हा ओतला. असं कितीतरी दिवस चाललं. मी म्हटलं, 'अरे, कशाला तिच्या जखमेवर मीठ चोळतोस?' तर म्हणाला, 'आत्या, ती ओतते तेव्हाच मला जरा बरं वाटतं.' हे ऐकून मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबला.

गेल्या आठवड्यात तिने ओतलं नाही. दार किलकिलं करून एकच विचारलं, 'तुझा बाप कुठाय?'

याने काही उत्तर दिलं नाही. तू दे. एकोणीस तारखेला, सकाळी.

ताई


२१ ऑगस्ट

छोट्या,

तू आला नाहीस.

मी दरवाजाकडे तोंड करून बसले होते. दर वेळी दार उघडलं की वाटायचं, आलास. उघडलं तेव्हा तुझा वकील आला, चांगला कोट घालून, आणि त्याने कंपनीचा कागद दिला की त्या दिवशी नियमाप्रमाणे दोन्ही माणसं नेमलेली होती. खाली सही तुझी. यावेळीही टाइप केलेलं, सही तेवढी तुझी. न्यायाधीशांनी ढब्बूला विचारलं, 'हे खरं आहे?' मी पाठीमागून त्याची मान बघत होते. लहानपणी तू मारायला हात उगारलास की तो जशी मान खाली घालायचा, तशीच घातली. म्हणाला, 'हो.'

दोन वर्षं. तिथूनच नेलं. जाताना मला म्हणाला, 'आत्या, गुडघ्याला तेल लावत जा.' बस, एवढंच.

मी तुला शिव्या घालायला बसले होते. कालपासून तीन कागद फाडले. तुझ्यासाठी मी शाळेतल्या पोरांची डोकी फोडली. तुला आता मी काय करू, सांग. तू परका असतास तर बोटं मोडून मोकळी झाले असते.

कोर्टाच्या जिन्यात ती भेटली, सळईवाल्याची बायको. वयाने पोरगीच आहे. मला वाटलं, बरं झालं म्हणेल, आणि म्हणाली असती तरी माझी तक्रार नव्हती. तिने लेकीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. मग म्हणाली, 'त्याच्या बापाला मी अजून पाहिलं नाही. दिसतो कसा?'

मी म्हटलं, 'माझ्यासारखाच.'

तिने माझ्याकडे नीट पाहून घेतलं, लक्षात राहावं म्हणून बघतात तसं. आणि निघून गेली.

आज पहाटे मी ड्रम भरायला गेले होते. अर्धासुद्धा उचलला नाही. गुडघ्यांनी जागीच बसवलं, नळावरच्या बायकांनी धरून उठवलं. मला ते जमणार नाही रे. आणि खरं सांगू, ते काम माझं नाहीही.

तुझ्या संगमरवरावर सोनेरी कावळ्याचा पाय कोरून झाला असेल. लाव की नको लावू, तुझी मर्जी. आपल्याला ते आडनाव एका मेलेल्या माणसाने दिलं आणि ते टिकवलं ज्याच्या हातून तो मेला त्याने, उन्हातान्हात, उंबऱ्याबाहेर बसून. त्याच्या जागी तुझा मुलगा वर्षभर बसला. त्याची चूक होती त्याहून जास्त तुझी होती, तरी बसला.

गोदामांच्या मागची गल्ली, निळं दार. ड्रम दाराच्या डाव्या हाताला असतो. पाणी पहाटे येतं, उशीर केलास तर मिळत नाही. पहिल्या दिवशी ती ओतून देईल. तोंडावर दार लावेल. तू दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.

तिच्या उंबऱ्याबाहेरची जागा कालपासून रिकामी आहे. आत कुणी बोलावणार नाही. तरी ये.

ताई